सतरा अंकी संख्येच्या अंतरंगात

(जुईनगर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपल्यासमोर एकच संख्या घेऊन आलो आहे. तासभर तिच्याविषयीच बोलणार आहे. ती अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून चढत नऊपर्यंत जाणारी आणि तशीच उतरत एकापर्यंत येणारी ही सतरा अंकी संख्या. इतके सेकंद मोजायचे म्हटले तर सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. पण तिचा हा अवाढव्यपणा माझ्या आजच्या विषयात फारसा महत्त्वाचा नाही. अंदाजपत्रकात, जनगणनेत, बँकांच्या उलाढालीत मोठमोठ्या संख्या आपण रोज वाचतो. त्या कशाच्या तरी मोजणीच्या संख्या असतात. मोजलेली वस्तू बाजूला काढली आणि नुसत्या संख्येकडे पाहिले, तर तिच्यात पाहण्यासारखे काय उरते? संख्यासिद्धान्त, म्हणजे ज्याला इंग्रजीत नंबर थिअरी म्हणतात तो, या प्रश्नापासून सुरू होतो. माझे म्हणणे असे की, या शास्त्राच्या अंगणात उतरायला सातवी-आठवीचे गणित पुरते. नऊची कसोटी, हातचे आणि अवयव एवढे ठाऊक असले आणि दिसलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘हे असेच का?’ असे विचारायची सवय असली, की सतरा अंकी संख्याही आपले अंतरंग उघडे करते.

प्रथम ही संख्या वाचू या. आपण कोटीपर्यंत सहज वाचतो आणि पुढे अडखळतो. आपल्या पूर्वजांची तशी अडचण नव्हती. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. प्रत्येक स्थान मागच्याच्या दहापट. त्या नावांनी आपली संख्या अशी वाचता येते : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. परार्धाच्या एक स्थान अलीकडे ती थांबते. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. गणिताच्या अभ्यासासाठी आपल्या भूमीत संस्था उभी राहिली होती, याची ती कोरीव नोंद आहे. शेवटी तिच्याकडे पुन्हा वळावे लागेल.

आता या संख्येशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्यांच्याकडे येतो.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शालेय शिक्षण ठाण्यात आणि पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, स्वतंत्र गणिती कामासाठीचे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांनी मिळवले. १९२९ साली ते पदवीधर झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत त्यांनी शाळेत शिकवले. कोणत्याही विद्यापीठातले पद त्यांच्याजवळ नव्हते.

आपल्या संख्येच्या कुळाची कल्पना त्यांना एका रेल्वे स्थानकावर सुचली. त्या काळी जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवर ‘डेम्लो’ नावाचे स्थानक होते. तेच आजचे डोंबिवली. कापरेकरांनी या संख्यांना डेम्लो संख्या असे नाव दिले. १९३८ साली ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांचा या विषयावरचा लेख आला आणि १९३९ साली के. आर. गुंजीकर यांच्यासह लिहिलेला सविस्तर निबंध मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जुईनगर हे रेल्वेच्या आधाराने वाढलेले उपनगर. येथे रेल्वे वसाहत आहे, शेजारी सानपाड्याची कारशेड आहे आणि आपल्यापैकी अनेकांचा दिवस फलाटावर सुरू होऊन फलाटावर संपतो. म्हणूनच मी मुद्दाम या संख्या निवडल्या. लोकलच्या प्रवाशांच्या रोजच्या ओळखीचे एक स्थानक गणिताच्या वाङ्मयात कायमचे नोंदले गेले आहे आणि ते आपल्यापासून फार लांब नाही.

डेम्लो संख्या म्हणजे काय? कापरेकरांनी अशा संख्या घेतल्या की ज्यांचे तीन भाग पाडता येतात. डावा आणि उजवा भाग मिळवले की मधल्या भागातला अंक पुन्हा पुन्हा मिळतो. १६५ घ्या : एक आणि पाच मिळून सहा, आणि सहा मध्ये बसलेला आहे. २५५३ घ्या : दोन आणि तीन मिळून पाच, मध्ये पाच-पाच. या कुळातल्या काही खास संख्यांना त्यांनी ‘वंडरफुल डेम्लो’ म्हटले. १ चा वर्ग १, ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. असे करत नऊ वेळा एक लिहून, म्हणजे १११११११११ ही संख्या घेऊन, तिचा वर्ग केला की आपली सतरा अंकी संख्या येते.

ही माहिती अनेकांना शाळेपासून ठाऊक असेल. पण गणित यापुढे सुरू होते. हा चढ-उतार का येतो?

कागदावर उभा गुणाकार मांडून पाहा. १११११११११ ला स्वतःनेच गुणायचे, म्हणजे तीच संख्या नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहायची. आता उभे स्तंभ मोजा. अगदी उजव्या स्तंभात एकच १ आहे, त्याच्या डावीकडे दोन, मग तीन, असे वाढत मधल्या स्तंभात नऊ. तेथून पुढे पुन्हा कमी होत एक. कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा कोठेच येत नाही. स्तंभात जितके एक, तितका तेथला अंक. उत्तर स्वतःच स्वतःची मोजणी लिहून देते.

यातून लगेच दुसरी गोष्ट हाती येते. या संख्येच्या सर्व अंकांची बेरीज किती? आकडे मिळवत बसायची गरज नाही. गुणाकारात नऊ ओळी होत्या, प्रत्येकीत नऊ एक होते. हातचा नसल्यामुळे त्यांतला एकही हरवला नाही. म्हणून अंकांची बेरीज नऊ गुणिले नऊ, ८१.

तिसरी गोष्ट. मधला नऊ बाजूला ठेवून डावे आठ अंक आणि उजवे आठ अंक मिळवा : १२३४५६७८ अधिक ८७६५४३२१. उत्तर ९९९९९९९९. कारण उघड आहे. एकाखाली आठ, दोनाखाली सात, तीनाखाली सहा. प्रत्येक जोडी नऊ होते. डेम्लोची व्याख्या येथे पूर्णपणे लागू पडते.

चौथी गोष्ट मला सर्वांत आवडते. अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे संस्कृत नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. आपली संख्या हर्षद आहे का? बेरीज ८१ आहे. १११११११११ च्या अंकांची बेरीज नऊ, म्हणून नऊच्या कसोटीने तिला नऊने भाग जातो आणि तिच्या वर्गाला ८१ ने जातो. म्हणजे ती हर्षद आहे. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. ज्या संख्येत आठ गाळलेला असतो आणि जिला नऊने गुणले की सगळे एक येतात, तीच ही संख्या. तो भागाकार पूर्ण लिहिला तर १५२४१५७८९९७१०४१ होतो आणि त्याच्या अंकांची बेरीज ६४, म्हणजे आठाचा वर्ग. मूळ संख्येच्या अंकांची बेरीज नऊचा वर्ग होती आणि तिचे कारण आपण शोधले. ही दुसरी बेरीज आठाचा वर्ग कशी आली? मी ती आकडे मिळवून तपासली आहे, पण तिच्यामागे तितके स्वच्छ कारण मला अजून मिळालेले नाही. जे सिद्ध झाले ते आणि जे नुसते दिसले ते, या दोन गोष्टी वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहायच्या असतात. गणिताची ही पहिली शिस्त आहे.

आता अवयव पाडू. १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१. त्यांपैकी १११ म्हणजे ३ गुणिले ३७ आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. एकूण ३ × ३ × ३७ × ३३३६६७. आपली सतरा अंकी संख्या हिचा वर्ग, म्हणून तिच्यात ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. तिला नेमके ४५ विभाजक आहेत. ४५ ही विषम संख्या आहे आणि पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते.

पण मी एक गोष्ट गृहीत धरून पुढे गेलो. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे, तिला आणखी फोडता येत नाही, हे कशावरून? सरळ मार्ग असा की तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या, सर्व मूळ संख्यांनी भाग देऊन पाहायचा. अशा मूळ संख्या १०६ आहेत. संध्याकाळभर बसले तर काम होईल. संख्यासिद्धान्त येथे आपले काम हलके करतो.

फ्रान्समधल्या तुलूजचे न्यायाधिकारी पिएर द फर्मा यांनी १६४० साली एका पत्रात एक प्रमेय कळवले. दहाचे घात घेत गेलो आणि एखाद्या मूळ संख्येने भागून बाकी पाहत राहिलो, तर बाकी १ पुन्हा येण्याचे चक्र असते आणि त्या चक्राची लांबी मूळ संख्येपेक्षा एकने लहान असलेल्या संख्येला निःशेष भाग देते. (दहाचे अवयव असलेल्या दोन आणि पाच यांना मात्र हे लागू नाही.) आता समजा, ३३३६६७ ला एखाद्या मूळ संख्येने भाग जातो. मग तिने नऊ नवांच्या ९९९९९९९९९ या संख्येलाही भाग जाईल. म्हणजे दहाच्या नवव्या घाताची बाकी १. त्या अर्थी चक्राची लांबी १, ३ किंवा ९. लांबी १ असेल तर ती मूळ संख्या ३ आणि लांबी ३ असेल तर ३७. पण ३३३६६७ ला या दोहोंनी भाग जात नाही. उरली लांबी ९. म्हणून आपल्या मूळ संख्येतून एक वजा केला की नऊने भाग जायला हवा. आणि ती विषम असल्यामुळे अठराने जायला हवा. १०६ उमेदवारांपैकी या अटीत बसणारे, ३७ सोडून, फक्त सोळा उरतात : १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. सोळा भागाकार करा. एकही निःशेष होत नाही. ३३३६६७ मूळ ठरली.

श्रोतेहो, पावणेचारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका पत्रातल्या विधानाने आपले नव्वद भागाकार वाचवले. विचाराने कष्ट कसे वाचतात, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. तपासणी कमी झाली आणि खात्री तितकीच राहिली.

आता एक पाऊल पुढे टाकू. नऊ एकांच्या जागी दहा एक घेतले तर? ११११११११११ चा वर्ग केल्यावर मधल्या स्तंभात दहा एक येतात, हातचा द्यावा लागतो. तो डावीकडच्या नवात मिळून पुन्हा दहा होतात आणि पुन्हा हातचा. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. तो सुंदर चढ-उतार मोडला. अंकांची बेरीज शंभर व्हायला हवी होती, पण प्रत्येक हातच्यात दहा जाऊन एक येतो, म्हणजे नऊ कमी होतात. दोन हातच्यांचे अठरा गेले; बेरीज ८२. मोड कोठे झाली आणि किती झाली, याचा हिशेब चोख लागतो.

बरेच जण येथे थांबतील. नमुना तुटला, गंमत संपली. पण याच एकोणीस अंकी उत्तराचे दोन तुकडे करा. उजवे दहा अंक आणि डावे नऊ अंक. १२३४५६७९० अधिक ०९८७६५४३२१. बेरीज ११११११११११. आपण जिचा वर्ग केला होता, तीच संख्या परत आली!

या गुणधर्माच्या संख्यांना आज जग कापरेकर संख्या म्हणते. लहान उदाहरणे घ्या. ४५ चा वर्ग २०२५. वीस अधिक पंचवीस पंचेचाळीस. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ अधिक २०९ म्हणजे ७०३. पण दहा एकांची ही प्रचंड संख्या त्या पंक्तीत कशी आली?

पंचेचाळिसाकडेच पाहू. २०२५ म्हणजे २० × १०० + २५. आणि ४५ म्हणजे २० + २५. पहिल्यातून दुसरे वजा करा : २५ गेले, उरले २० × ९९. म्हणजे ४५ च्या वर्गातून ४५ वजा केल्यावर ९९ ची पट मिळते. वर्गातून तीच संख्या वजा करणे म्हणजे ४५ × ४४. आणि ४५ × ४४ = १९८०, हे ९९ च्या वीसपट. गुपित एवढेच : संख्या आणि तिच्या आधीची संख्या यांच्या गुणाकारात सगळ्या नवांची संख्या सामावली पाहिजे. ४५ मध्ये नऊ आहे, ४४ मध्ये अकरा आहे, दोन्ही मिळून नव्व्याण्णव.

आता दहा एकांकडे या. तिच्यासाठी हवी असलेली संख्या म्हणजे दहा नऊ, ९९९९९९९९९९, आणि ती नऊ गुणिले दहा एक. दहा एकांची संख्या म्हणजे तर आपली संख्याच. हवा फक्त नऊ, आणि तो आधीच्या संख्येत मिळाला पाहिजे. आधीची संख्या १११११११११०. तिच्यात नऊ एक आणि एक शून्य, अंकांची बेरीज नऊ. म्हणून तिला नऊने भाग जातो. सिद्धता पूर्ण झाली. चौथी-पाचवीतल्या नऊच्या कसोटीने आपण एका दहा अंकी संख्येविषयी प्रमेय सिद्ध केले. शिवाय हेही कळले की पुढच्या अशा संख्या कोठे सापडतील : एकांच्या संख्येतून एक वजा केल्यावर नऊने भाग गेला पाहिजे, म्हणजे १९ एक, २८ एक, ३७ एक, अशा त्या अखंड सापडत राहतील. वर्ग करून पाहायचीही गरज नाही.

कापरेकरांच्या आणखी एका शोधाकडे वळतो. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ घेतले तर १५ + ६ = २१. म्हणजे २१ ही १५ पासून जन्मली. काही संख्यांना दोन जनक असतात. १०१ ही ९१ पासूनही मिळते आणि १०० पासूनही. अशा संख्येला कापरेकर जंक्शन म्हणत. ठाण्याहून येणारी ट्रान्स-हार्बर आणि मुंबईहून येणारी हार्बर जेथे एका मार्गावर येतात, त्या जुईनगरला हे वेगळे समजावून सांगायला नको. आणि काही संख्यांना जनकच नसतो. त्या कशापासूनही मिळत नाहीत. २०, ३१, ४२, ५३ ही अशी उदाहरणे. या स्वयंभू संख्यांना त्यांनी आपल्या गावाचे नाव दिले : देवळाली संख्या. १९६३ साली त्यांवरची पुस्तिका त्यांनी देवळालीहूनच प्रसिद्ध केली.

मोठ्या संख्यांसाठी ही चौकशी कशी करायची? एक लाखाचा जनक ९९९५९ आहे. अंकांची बेरीज ४१, मिळवले की एक लाख. एक कोटीचा जनक ९९,९९,९५०, बेरीज ५०. दहा लाखांचा? शोधू. सहा अंकांची बेरीज जास्तीत जास्त ५४, म्हणून जनक असलाच तर ९,९९,९४६ च्या खाली नसणार. म्हणजे पहिले चारही अंक नऊ. शेवटचे दोन अंक अ आणि ब मानू. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज मिळून ९,९९,९३६ + ११अ + २ब होते. ती दहा लाख व्हायची तर ११अ + २ब = ६४ हवे. अ सम असायला हवा. अ शून्य घेतला तर ब ३२, दोन घेतला तर २१, चार घेतला तर १०, आणि सहा घेतला तर बेरीज आधीच पुढे जाते. ब हा एकच अंक आहे, तो दहा होऊ शकत नाही. त्यामुळे दहा लाखांना जनक नाही. लाखाला आहे, कोटीला आहे, मधल्या दहा लाखांना नाही. अर्थसंकल्पात हजारदा वाचलेली ही संख्या एक देवळाली संख्या आहे, हे चार ओळींच्या बीजगणिताने कळते.

६१७४ विषयी थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांत प्रसिद्ध आहे. चार अंकी संख्या घ्या. सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊ : ९५१० − ०१५९ = ९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. तेथून पुढे ६१७४ च येत राहते. कोणत्याही संख्येला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. तीन अंकांसाठी असा मुक्काम ४९५ आहे. पाच अंकांसाठी एकही नाही, तेथे फक्त फिरती चक्रे आहेत. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला आणि १९५५ साली ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त तो छापून आला. ६१७४ म्हणजे २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे सातचा घन. तीही हर्षद.

आता एका गंभीर आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. केंब्रिजचे थोर गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात अशा विधानांची दखल घेतली आहे. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत असतात. पहिली २१७८ च्या चौपट, दुसरी १०८९ च्या नऊपट. हार्डींचा निर्वाळा असा की अशी विधाने कोड्यांच्या सदरात शोभतात, गणितज्ञाला त्यांत काही नाही. त्यामागचा आक्षेप असा मांडता येतो : आपण दहाच्या पायावर लिहितो, हा योगायोग. त्यावर आधारलेला गुणधर्म संख्येचा नसून लेखनपद्धतीचा आहे.

हा आक्षेप आदराने ऐकण्यासारखा आहे आणि सुट्या, कारण न दिलेल्या विधानांपुरता तो खरा आहे. पण आपण आज जे केले ते आठवा. डेम्लोचा चढ-उतार आठाच्या पायावर लिहिले तरी येतो. तेथे सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ होतो. कापरेकर गुणधर्म तेथेही टिकतो. तेथे नऊची भूमिका सात करतो आणि आठ एकांची संख्या त्यात बसते. पाया बदलला, सिद्धता तीच राहिली. याचा अर्थ ती सिद्धता लेखनपद्धतीच्या खाली असलेल्या गोष्टीपर्यंत पोचली आहे. डग्लस इयानुची यांनी २००० साली दाखवून दिले की सर्व कापरेकर संख्या ‘सगळे नऊ’ असलेल्या संख्यांचे, परस्परांत समान अवयव नसलेले, दोन भाग कसे पडतात यावरून मिळतात. डोंबिवलीच्या आणि देवळालीच्या वहीतला प्रश्न अवयवांच्या मूलभूत प्रश्नाला जाऊन मिळाला.

तो प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही. फक्त एक हा अंक असलेल्या संख्यांना रिप्युनिट म्हणतात. त्यांतल्या मूळ कोणत्या? ११ मूळ आहे. पुढची १९ एकांची, मग २३ एकांची, नंतर एकदम ३१७ एकांची आणि त्यानंतर १०३१ एकांची. ही १०३१ एकांची संख्या मूळ असल्याची सिद्धता विल्यम्स आणि डबनर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी कापरेकरांचे निधन झाले. अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हे जगात कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. शाळेतल्या मुलाला एका मिनिटात समजेल असा प्रश्न, आणि त्याचे उत्तर मानवजातीजवळ नाही.

हयातीत कापरेकरांच्या वाट्याला मान कमी आला. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. निवृत्तीनंतर पेन्शन अपुरे पडत असे आणि ते शिकवण्या करत. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. ते सत्तर वर्षांचे झाले होते. आपल्या माणसाची ओळख परदेशातून व्हावी, ही आपल्या समाजाची उणीव आहे आणि ती स्पष्टपणे मान्य केली पाहिजे. माझे मत ठाम आहे : कापरेकर हे करमणुकीचे गणिती नव्हते. योग्य प्रश्न ओळखण्याची शक्ती ज्यांच्यात असते, अशा दुर्मीळ माणसांपैकी ते एक होते, आणि शाळाशिक्षक राहूनही संशोधक होता येते हे त्यांनी बत्तीस वर्षे दाखवून दिले.

म्हणून येथे बसलेल्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. मुलाने एखादा नमुना दाखवला तर नुसती शाबासकी देऊन थांबू नका. ‘हे नेहमीच होते का? कोठे मोडते? का मोडते?’ हे तीन प्रश्न विचारा. दहा एकांचा वर्ग केल्यावर नमुना मोडला आणि त्याच मोडीतून आपल्याला नवे प्रमेय मिळाले, हे त्यांना करून दाखवा. ज्या भूमीत एका नातवाने आजोबांच्या गणितासाठी मठ बांधला, तेथे जुईनगरच्या एखाद्या शाळेत किंवा वाचनालयात आठवड्यातून एक तास कापरेकरांच्या संख्यांसाठी ठेवणे अवघड नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, निधी लागत नाही. फळा, खडू आणि प्रश्न विचारणारा एक शिक्षक पुरे.

जाताना एक काम देतो. एकोणीस एकांची संख्या मूळ आहे, हे मी सांगितले. ती कापरेकर संख्याही आहे, याची सिद्धता मी दाखवलेल्या मार्गाने आज घरी आपल्या वहीत लिहून पाहा, आणि मुले घरी असतील तर त्यांच्याबरोबर लिहा. नऊची कसोटी ठाऊक असलेल्या कोणालाही ती जमेल.